अमावास्येचे दूध

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता झोरेवाड्यातल्या बनाबाई झोरे यांच्या दोन म्हशी मारण्यात आल्या. एकीचे नाव मोरी, दुसरीचे भिंगरी. दोघींना आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, मग दुसरे. खड्डा आदल्या दिवशीच खणून त्यात चुना टाकून ठेवला होता. पंचनाम्यावर पाच सह्या झाल्या. सहावी बनाबाईंची हवी होती. "माझ्या हाताला शेण लागलंय," असे म्हणून त्या गोठ्यात निघून गेल्या.

उरलेल्या सहा म्हशी मारायला सोमवारपर्यंत मुदत होती.

आदेश तांबजाई खोरे सहकारी दूध संघाचा होता. त्याखाली माहिती विभागप्रमुखांची सही होती. ती सही बनाबाईंच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची, उज्ज्वला येडगे यांची. सही संगणकाने उमटवली होती आणि आदेशही संगणकानेच काढला होता. आपल्या नावाने असा काही कागद निघाल्याचे उज्ज्वलाला कळले ते मंगळवारी दुपारी, बहिणीच्या फोनवरून. फोन अकरा सेकंदांचा होता. "उजा, मोरी आणि भिंगरी गेल्या. तुझी सही चांगली आलीया," एवढेच बनाबाई बोलल्या.

हे २०३९ साल. खोऱ्यातल्या प्रत्येक दूध केंद्रावर आता टिफिनच्या डब्याएवढे एक यंत्र असते. म्हशीच्या कानातला बिल्ला वाचून ते तिच्या दुधाचा चमचाभर नमुना घेते आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडते. दुधातले प्रत्येक प्रथिन, प्रत्येक स्निग्धकण त्या प्रकाशाचा आपापला वाटा गिळतो. उरलेल्या प्रकाशाची एक हजार साठ आकड्यांची ओळ तयार होते. हा त्या जनावराचा त्या दिवशीचा ठसा. गाभण जनावरांचा गर्भ पाडणारा आणि माणसाला महिनोन्‌महिने ताप आणणारा ब्रुसेला नावाचा जंतू अंगात शिरला, की लक्षणे दिसण्याच्या बरेच आधी हा ठसा किंचित बदलतो. एका दिवसाच्या ठशावरून काही सांगता येत नाही. म्हणून संघाचा नियम असा, की सलग साठ दिवस ठसा बिघडलेला दिसला तरच जनावर बाधित मानायचे. मध्ये एक दिवस जरी निरोगी किंवा कोरा निघाला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बुधवारी सकाळी उज्ज्वला झोरेवाड्यावर पोहोचली. गवळी-धनगरांची एकतीस घरे, दोन्ही बाजूंना कारवीचे रान. बनाबाई दारात भाकरीचे पीठ मळत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"या बाईसाहेब. सतरंजी हाय, पण झटकली न्हाय."

"आक्का, मला माहीत नव्हतं गं."

"सही तुझी, आन तुलाच म्हाईत न्हाय? मग म्हशीला म्हाईत असंल."

"रक्त तपासायला दिलं का?"

"दिलं की. पुण्याला गेलंय. तीन आठवडं लागत्याल म्हनं. म्हस मारायला सात दिस आन ती आजारी हाय का बघायला तीन आठवडं. कोनी केला गं हा हिशोब? शाळेत तर तुझा गनितात पहिला नंबर हुता."

बनाबाईंनी हात धुतले, फळीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आदेश बहिणीपुढे ठेवला. वाकडे झालेले बोट एका ओळीवर टेकवले. बनाबाई सातवी शिकल्या होत्या आणि कागद त्यांनी तीनदा वाचला होता.

"हितं लिवलंय, सलग साठ दिस दूध बिघडल्यालं हुतं. माघापासनं. सलग कसं, उजा?"

"म्हणजे रोज..."

"रोज कसं? मधी दोन अवसा गेल्या."

उज्ज्वला याच वाड्यात जन्मली होती. अमावास्येला झोरेवाड्यातले कोणी केंद्रावर दूध घालत नाही. सकाळी रेडकांना सोडून देतात, ती पोटभर पितात. संध्याकाळच्या दुधाची देवाच्या ठाण्यावर खीर होते आणि सगळा वाडा एका पंगतीला जेवतो. केंद्राला कुलूप असते. हा प्रघात केंद्रापेक्षा जुना आहे आणि संघापेक्षाही.

तिने खिशातला फोन काढून बनाबाईंच्या म्हशींच्या नोंदी उघडल्या. माघातली अमावास्या, सकाळ: मोरी, चार पूर्णांक सहा लिटर, फॅट सात पूर्णांक एक, ठसा बिघडलेला. फाल्गुनातली अमावास्या: मोरी, चार पूर्णांक चार लिटर, ठसा बिघडलेला.

"काय म्हनतंय?" बनाबाईंनी विचारले.

"तू दूध घातलंस म्हणतंय."

"रेडकाच्या पोटातनं काढलं व्हय?"

*

यामागची गोष्ट चार वर्षांपूर्वीची आहे आणि ती कागदावर आहे.

२०३५ मध्ये संघाची जुनी माहिती-यंत्रणा अपुरी पडू लागली. दोनशे अठरा केंद्रे, एक लाख चाळीस हजार जनावरे, दिवसातून दोनदा ठसे. हे सारे वर्षानुवर्षे साठवायचे आणि विचारलेल्या प्रश्नाला त्यातून उत्तर द्यायचे, तर मोठे डेटा वेअरहाउस हवे होते. पर्याय दोन होते. एक ओपन-सोर्स यंत्रणा, जिचा सारा कोड उघडा आहे, जी कोणालाही घेता येते, दुरुस्त करता येते आणि आपल्याच इमारतीत चालवता येते. दुसरा व्हेरिडॉन कंपनीचा प्लॅटफॉर्म. तो कंपनीच्या इमारतीत चालतो आणि त्याच्या आत काय आहे हे कंपनीलाच ठाऊक असते.

ओपन-सोर्सची बाजू इक्बाल मुजावर यांनी मांडली. संघात बावीस वर्षे काढलेला हा अभियंता. जुनी यंत्रणा त्यांनीच उभी केली होती. व्हेरिडॉनची बाजू उज्ज्वलाने मांडली. तिच्या मुद्द्यांत खोट नव्हती, हे नोंदवले पाहिजे. खोऱ्यातल्या सर्व म्हशींच्या वर्षभराच्या ठशांवर एक प्रश्न विचारला, तर मुजावरांच्या यंत्रणेला सव्वीस मिनिटे लागत आणि व्हेरिडॉनला चार सेकंद. मुजावरांची यंत्रणा चालवायला पाच जाणकार माणसे हवी होती आणि संघाकडे दोन होती. आदल्या पावसाळ्यात ती दोन दिवस बंद पडली होती.

"चार सेकंदांत काय मिळतं, मॅडम?" मुजावरांनी सभेत विचारले होते.

"उत्तर मिळतं, मुजावरभाई."

"उत्तर माझ्याकडेही मिळतं, उशिरा मिळतं. पण एखादा शेतकरी येऊन म्हणाला, ‘हे खोटं आहे,’ तर मी त्याला ती ओळ दाखवतो. अमुक केंद्र, अमुक वेळ, अमुक यंत्र. तुम्ही काय दाखवणार?"

"तीच ओळ. त्यांच्याकडून मागवून."

संचालक मंडळाने सात विरुद्ध दोन मतांनी व्हेरिडॉन घेतले. मुजावरांनी मूळ नोंदींची एक प्रत संघाच्या डिस्कांवर राहू द्या म्हणून अर्ज दिला. "एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला?" असा शेरा मारून उज्ज्वलाने तो निकाली काढला. दोन महिन्यांनी मुजावरांची बदली खालच्या शीतकरण केंद्रावर झाली. दूध थंड होते की नाही, हे पाहण्याचे काम.

व्हेरिडॉनचा एक अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: कोऱ्या नोंदींचे काय करावे? पर्याय दोन होते. ‘कोऱ्याच ठेवा’ आणि ‘भरून काढा’. संघाचे अध्यक्ष प्रतापराव मोकाशी यांना त्या वर्षी ‘शंभर टक्के नोंदींचा संघ’ हा राज्य पातळीवरचा सन्मान हवा होता. कोरी ओळ म्हणजे कामचुकारपणा, अशी सगळ्या कचेरीची समजूत झाली होती. उज्ज्वलाने ‘भरून काढा’वर खूण केली. झोरेवाड्याची लेक असूनही केली. त्या क्षणी तिच्या मनात बंद पडलेली यंत्रे होती, रेडकं नव्हती.

सन्मान मिळाला. तो अजून अध्यक्षांच्या दालनात आहे.

*

गुरुवारी दुपारी उज्ज्वला शीतकरण केंद्रावर गेली. मुजावर रबरी बूट घालून टाकीजवळ उभे होते.

"बसा. खुर्ची ओली आहे, सगळंच ओलं आहे इथं," ते म्हणाले. तिने फोन पुढे केला. त्यांनी अमावास्येच्या नोंदी दोनदा वर-खाली सरकवून पाहिल्या. मग विचारले, "करारातल्या परिशिष्ट चारमधला शब्द आठवतो? ‘पुनर्निर्मितीक्षम साठवण.’"

"फाइल दाबून लहान करतात, तसं काहीतरी समजले होते मी."

"मीही तसंच समजलो होतो. इथं वेळ भरपूर, म्हणून त्यांचे पेटंटचे कागद वाचले. बंद शिंक्यातलं मांजराला दिसत नाही, पण वास येतो." त्यांनी टाकीच्या पत्र्यावरच्या दवात बोटाने दोन चौकोन काढले. "हे तुमच्या नोंदींचं कोठार. मोठं, महाग. हे त्यांचं. याच्या चारशेव्या हिश्श्याचं. कसं? ते नोंदी ठेवतच नाहीत. नव्वद दिवस ठेवतात, त्यावरून एका गणिती प्रतिमेला, म्हणजे मॉडेलला, शिकवतात की या खोऱ्यातल्या म्हशी साधारण कसं दूध देतात. मग मूळ नोंदी पुसतात. तुम्ही विचारलंत, ‘मोरीनं अमुक दिवशी किती दिलं?’ की ती प्रतिमा त्या क्षणी एक ओळ रचून देते. बरेचदा खऱ्याच्या अगदी जवळची. म्हणून तर चार सेकंद. शोधायचं नसतंच काही. बनवायचं असतं."

"पण माघ-फाल्गुन तर नव्वद दिवसांच्या आतच आहे."

"ज्या दिवशी मूळ नोंदच नाही, त्या दिवशी भरून काढणार कोण? तीच प्रतिमा. आणि एकदा भरली की ती ओळ खरीच धरली जाते."

"आणि रोग? तो कुठून आला?"

"ठसा चांगला की बिघडलेला, हेही तीच प्रतिमा ठरवते. एका म्हशीचं नीट कळायला माहिती कमी पडली, की प्रतिमा तिच्यासारख्या दुसऱ्या म्हशींकडून उसनं घेते. तीच जात, तोच चारा, गावाची तेवढीच उंची. खोऱ्यात कुठंतरी खरंच ब्रुसेला असणार. त्याचा डाग झोरेवाड्यावर उडाला. तिथल्या म्हशींचे ठसे आधीच जरा वेगळे, त्या कारवीचा पाला खातात. रोज थोडं इकडं, थोडं तिकडं होत असणार. पण साठाची मोजणी पुरी व्हायला मधले कोरे दिवस भरलेलेच हवेत. कोरे असते, तर एकोणतीसच्या पुढं आकडा गेलाच नसता."

उज्ज्वलाने मान खाली घातली. "ती खूण मी केली होती."

"माहीत आहे," मुजावर म्हणाले. "अर्जाची प्रत आहे माझ्याकडं. चार वर्षांत कुणाला दाखवली नाही. आता तुम्हीच दाखवा."

*

शनिवारी अकरा वाजता संघाच्या सभागृहात बनाबाईंच्या हरकतीची सुनावणी झाली. टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष मोकाशी आणि संचालक, दुसऱ्या बाजूला व्हेरिडॉनचे प्रतिनिधी अनिरुद्ध केळशीकर. बनाबाई नऊवारीवर घोंगडी घेऊन आल्या होत्या. त्यांना मागची खुर्ची दिली, तर त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या. मुजावर दाराशी उभे राहिले.

उज्ज्वलाने पडद्यावर एकच प्रश्न विचारला: झोरेवाडा केंद्र, माघ अमावास्या, सर्व जनावरे. चार सेकंदांत एकशे सत्त्याण्णव ओळी आल्या. बिल्ल्याचा क्रमांक, लिटर, फॅट, ठसा. एकही ओळ कोरी नव्हती.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "शंभर टक्के. मग?"

"अध्यक्षसाहेब, त्या दिवशी केंद्राला कुलूप होतं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही." तिने संघाच्या मासिकाचा मार्चचा अंक टेबलावर ठेवला. पान सहा. ‘झोरेवाड्यात अमावास्येच्या खिरीचा आस्वाद घेताना मा. अध्यक्ष.’ छायाचित्रात मोकाशी मांडी घालून बसले होते, पानात खीर होती, आणि त्यांच्या खांद्यामागे दूध केंद्राचा निळा दरवाजा दिसत होता. दरवाज्याला कुलूप होते.

"तीन वेळा वाढून घेतली सायबांनी," बनाबाई म्हणाल्या. "म्या वाढली. मोरीचंच दूध हुतं."

एक संचालक हसले आणि लगेच खोकले.

केळशीकर घाईत नव्हते. "ओळी काल्पनिक नाहीत, त्या समतुल्य आहेत," ते म्हणाले. "सरासरी, चढउतार, परस्परसंबंध, सगळं मूळ माहितीशी नव्व्याण्णव पूर्णांक सहा टक्के जुळतं. करारात आम्ही ‘समतुल्य माहिती’चीच हमी दिली आहे."

"दादा," बनाबाईंनी विचारले, "तुमच्या घरी किती मानसं?"

"चार. का?"

"त्यातलं एक नेलं आन त्याच्यासारखंच दुसरं आनून बसवलं, तर चालंल?"

केळशीकरांनी तिकडे लक्ष न देता एक कागद पुढे सरकवला. "आणि कोऱ्या नोंदी भरण्याचा पर्याय संघानं स्वतः निवडला आहे. सही येडगे मॅडमची आहे."

"हो," उज्ज्वला म्हणाली. "माझीच आहे. ही दुसरी प्रत मीही आणली आहे. चूक माझी, आणि ती इतिवृत्तात माझ्या नावानं लिहा. पण कोऱ्या ओळीच्या जागी तुम्ही आजारी म्हैस ठेवाल, हे त्या कागदावर कुठं होतं?"

"कोरे दिवस तसेच ठेवले असते, तर झोरेवाड्यात रोग कधीच सापडू शकला नसता," केळशीकर म्हणाले. "दर महिन्याला मोजणी तुटली असती. याला तुम्ही चांगली व्यवस्था म्हणाल?"

उत्तर दाराशी उभ्या मुजावरांनी दिले. "जुन्या यंत्रणेत रोज सकाळी कोऱ्या ओळींची यादी निघायची. जिथं कोरं, तिथं पर्यवेक्षक मोटारसायकल काढून जायचा. यंत्र बंद आहे, म्हैस व्यायली आहे, घरात मयत आहे, नाहीतर खीर आहे, बघून यायचा. शंका आली तर रक्त घेऊन यायचा. कोरी ओळ दिसली की माणूस हलायचा, साहेब. तुम्ही ओळ भरलीत आणि माणूस घरी बसवलात."

"मूळ ठसे दाखवा," उज्ज्वला केळशीकरांना म्हणाली. "मोरीच्या आयुष्यातला एक तरी ठसा. यंत्रातून आलेला. कुठल्याही दिवसाचा, आमच्या करारातल्या नव्वद दिवसांपूर्वीचा."

"ते कराराप्रमाणे पुसले आहेत."

"म्हणजे साडेतीन वर्षांचं दूध नाही."

"आहे. समतुल्य आहे."

अध्यक्षांनी पाणी मागवले. उरलेल्या सहा म्हशींचा आदेश बारा वाजून चाळीस मिनिटांनी मागे घेण्यात आला. ठरावात ‘तांत्रिक कारणास्तव’ असे शब्द होते.

दोन आठवड्यांनी पुण्याहून रक्ताचे अहवाल आले. मोरी निरोगी. भिंगरी निरोगी, आणि तीन महिन्यांची गाभण. खरा बाधित कळप मे महिन्यात सापडला, खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, बेचाळीस किलोमीटरवर. प्रतिमेने त्याचे बिघडलेले ठसे शेजारच्या चांगल्या ठशांत मिसळून निरोगी करून टाकले होते. त्या गावातले तीन जण फेब्रुवारीपासून तापाने पडून होते आणि टायफॉइडची औषधे खात होते. हा ताप आला कुठून, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. पडद्यावर त्या गावापुढे हिरवा ठिपका होता.

*

संघाने व्हेरिडॉन सोडले. जाहीर पत्रकात कारण दिले नाही. मुजावर परत आले. उज्ज्वलाने विभागप्रमुखपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या हाताखाली काम मागितले. ओपन-सोर्स यंत्रणा पुन्हा उभी करायला पाच महिने लागले. चार माणसे नेमली. सव्वीस मिनिटांची आता अकरा मिनिटे झाली आहेत. यंत्रणा सप्टेंबरात एकदा सहा तास बंद पडली आणि अध्यक्षांनी ते सभेत दोनदा बोलून दाखवले.

ऑक्टोबरात कंपनीने करारानुसार संघाची ‘संपूर्ण माहिती’ परत केली. चार वर्षे, सर्व जनावरे, शंभर टक्के भरलेली. उज्ज्वलाने तीत मोरीचा बिल्ला शोधला. एप्रिलच्या त्या मंगळवारनंतरही मोरीच्या ओळी चालूच होत्या. मे, जून, जुलै. फाइल दिल्याच्या तारखेपर्यंत मोरी रोज दोन वेळा दूध देत होती.

ती माहिती नव्या कोठारात भरायची नाही, असे उज्ज्वला आणि मुजावर यांनी ठरवले. "चार वर्षं कोरी दिसतील," असे एका संचालकांनी सुनावले. "कोरीच आहेत," मुजावर म्हणाले. नव्या यंत्रणेत उज्ज्वलाने एक रकाना वाढवला: नोंद का नाही. तो माणसानेच भरायचा, यंत्राने नाही.

मोरी आणि भिंगरीच्या पुढे काय लिहायचे, यावरून मंडळाशी पत्रव्यवहार झाला. मंडळाने सुचवलेले शब्द होते, ‘कळपातून वगळले’. उज्ज्वलाने तीन वेळा नकार दिला. चौथे पत्र आले नाही.

कार्तिकातल्या अमावास्येला ती झोरेवाड्यावर गेली. केंद्राला कुलूप होते. ठाण्यासमोर पंगत बसली होती. एप्रिलपासून बनाबाई तिच्याशी कामापुरतेच बोलत. आज त्यांनी तिच्यापुढे पान ठेवले, खीर वाढली आणि पातेले हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"त्या कंपनीच्या कागदात मोरी अजून हाय म्हनं. मुजावरभाई सांगत हुतं."

"होती. पुसली."

"किती देत हुती?"

"सकाळी साडेचार लिटर."

बनाबाईंनी पळी पातेल्यावर आपटली. "आयुष्यात तीनच्या वर गेली न्हाय ती. मेल्यावर साडेचार? कोनाची म्हस हुती ही?" मग थोड्या वेळाने, "आन तुमच्या नव्या वहीत काय लिवलंय?"

उज्ज्वलाने फोन काढला. बिल्ल्याचा क्रमांक, आजची तारीख. लिटरचा रकाना कोरा. फॅटचा कोरा. ठशाच्या एक हजार साठ जागा कोऱ्या. शेवटच्या रकान्यातले शब्द तिने पंगतीला ऐकू जातील अशा आवाजात वाचले:

"‘मोरी. बनाबाई झोरे यांची. निरोगी होती. संघाने चुकीने मारली.’"

"आन भिंगरी?"

तिने तेही वाचले. बनाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावले, दोन्ही ओळी, सावकाश.

"ऱ्हाऊ दे असंच," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.